चॉकलेट कामोत्तेजक कसं ठरलं?

१. फेब्रुवारीतला प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की घाटकोपरची खाऊगल्ली असो, मुलुंडचा पाच रस्ता असो की बोरिवली स्टेशनबाहेरची दुकानं, सगळीकडे एकच माल पुढे येतो. लाल कागद, सोनेरी फीत आणि आत चॉकलेट. ९ तारखेला ‘चॉकलेट डे’, १४ ला व्हॅलेंटाइन. कॉलेजातली पोरं एकमेकांना देतात, नवी जोडपी देतात, आणि हल्ली पन्नाशीतले काकाही ऑफिसातून येताना काकूंसाठी एखादा खोका घेऊन येतात. यांतल्या बऱ्याच जणांच्या मनात एक प्रश्न असतो. तो दुकानदाराला विचारता येत नाही आणि डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटतो: चॉकलेटनं खरंच कामेच्छा वाढते का?

प्रश्नात लाजण्यासारखं काही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये वारले तोवर चालवलं. याहून कितीतरी अवघड शंकांना ते त्यातून सरळ मराठीत उत्तरं देत. आपणही तसंच सरळ बोलू.

आधी तीन गोष्टी सुट्या करून घेऊ. इच्छा होणं ही पहिली. ती मनाची आणि मेंदूची बाब. शरीरानं साथ देणं ही दुसरी. तिथं काम रक्तवाहिन्या, नसा आणि हॉर्मोन्स यांचं. जवळिकीत सुख वाटणं ही तिसरी. कामोत्तेजक म्हणून जे काही विकलं जातं, ते या तिन्हींचं आश्वासन एका दमात देतं. चॉकलेट यांतल्या पहिल्या दोन परीक्षांत जवळजवळ नापास होतं. तिसरीत मात्र त्याला बरे गुण मिळतात, आणि त्याची कारणं मला फार मोलाची वाटतात.

२. सोन्याच्या पेल्यातलं पेय

कोकोचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं. तिथल्या माया आणि ॲझटेक लोकांत कोकोच्या बिया नाण्यांसारख्या चालत. त्याच बिया भाजून, पाट्यावर वाटून, पाण्यात कालवून, मिरची घालून आणि उंचावरून ओतून फेस आणलेलं पेय सरदार, योद्धे आणि बडे व्यापारी पीत. ते कडू असे. उसाची साखर त्या मुलखात स्पॅनिश लोकांनी नेली. मायांच्या लग्नविधींतही कोकोला जागा होती.

१५१९ साली एर्नान कोर्तेसबरोबर स्पॅनिश शिपाई मेक्सिकोत शिरले. त्यांतल्या बेर्नाल दियाझ देल कास्तियो यानं पुढे म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या. त्या छापल्या गेल्या १६३२ साली, तो वारल्यानंतर. सम्राट मोक्तेसुमाला जेवताना सोन्याच्या पेल्यांतून कोकोचं पेय देत आणि स्त्रीसंगात यश यावं म्हणून ते घेतात असं लोक म्हणत, असं तो सांगतो. लोक म्हणत, एवढंच. हा शिपाई परमुलखातला, त्याला तिथली भाषा येत नव्हती, आणि पाहिल्यानंतर कित्येक दशकांनी तो लिहीत होता. तरी चॉकलेटच्या कीर्तीचा उगम शोधत मागे गेलं की वाट बहुतेक वेळा याच एका वाक्याशी येऊन थांबते.

युरोपात ही कीर्ती फोफावली, कारण तिथलं तेव्हाचं वैद्यक आपल्या उष्ण-थंडाच्या हिशेबासारखंच चाले. नवा पदार्थ आला की तो उष्ण की थंड, कोरडा की ओला, यावर वाद झडत. चॉकलेट उष्ण ठरवलं की ते कामाग्नी चेतवणार हे ओघानंच आलं. हेन्री स्टब या इंग्रज वैद्यानं १६६२ साली चॉकलेटवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात हा गुण भरभरून वाखाणला. त्याच शतकात कॅथलिक धर्मगुरू दुसऱ्याच पेचात होते: चॉकलेट उपवासाला चालतं की त्यानं उपवास मोडतो? आपल्याकडच्या साबुदाण्याच्या आणि भगरीच्या चर्चा ऐकून मोठं झालेल्या माणसाला तो पेच लगेच समजतो.

मला यात एक ठरावीक चाल दिसते. वस्तू दुरून येते, महाग असते, राजाच्या ताटात असते, आणि मग तिच्यात शृंगाराची शक्ती आहे असं मानलं जातं. आपल्याकडे केशर याच मार्गानं पहिल्या रात्रीच्या दुधाच्या पेल्यात पोचलं.

३. रेणूंचा हिशेब

विसाव्या शतकात उष्ण-थंडाची जागा रसायनांनी घेतली. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ मायकेल लिबोविट्झ यांचं प्रेमाच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक १९८३ साली आलं. प्रेमात पडल्यावरच्या धुंदीमागे फिनाइलइथाइलअमाइन नावाचा पदार्थ असावा, असा त्यांचा तर्क होता. लांबलचक नाव टाळून आपण त्याला फक्त ‘फि’ म्हणू. हा फि मेंदूत तयार होतो आणि चॉकलेटमध्येही असतो. वर्तमानपत्रांना एवढं पुरेसं होतं.

आता हिशेब करू. एक ग्रॅम चॉकलेटमध्ये फि सापडतो फार तर सहा-सात मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. ४० ग्रॅमची वडी अख्खी खाल्ली तरी पोटात जातो २८० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅमच्या जरासा वर. तोही मेंदूपर्यंत पोचत नाही. आतड्यांत आणि यकृतात एक विकर असतं, ते फिचे तुकडे करण्यात तरबेज. चर्चगेटला चढलेल्या माणसाला बोरिवलीला जायचं असावं आणि दादरच्या लोंढ्यानं त्याला फलाटावर उतरवून टाकावं, अशी फिची गत होते. मुरवलेल्या काही चीजमध्ये चॉकलेटहून जास्त फि असतो. चीजची अशी ख्याती मात्र कधी झाली नाही.

दुसरा दावेदार आनंदामाइड. हा रेणू १९९२ साली मेंदूत सापडला आणि त्याला नाव देताना संशोधकांनी संस्कृतातला ‘आनंद’ घेतला. १९९६ मध्ये तो चॉकलेटमध्येही सापडला, पण प्रमाण नगण्य, आणि शरीर त्याचाही फडशा झटपट पाडतं.

कॅफीन आणि त्याचा चुलतभाऊ थिओब्रोमीन हे दोघे मात्र खरोखर काम करतात. तरतरी येते, हृदयाचे ठोके किंचित वाढतात. पण दुधाच्या चॉकलेटच्या ४० ग्रॅममध्ये कॅफीन असतं जेमतेम ८-१० मिलिग्रॅम. एक कप चहात त्याच्या तिप्पट-चौपट असतं. तरतरीनं काम जागत असता, तर अंधेरी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीनं चॉकलेटला केव्हाच मागे टाकलं असतं.

उरतात फ्लॅवनॉल, कोकोतली कडवट द्रव्यं. यांचा दावा सर्वांत भक्कम. ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतात आणि त्यामुळे वाहिन्या सैलावतात. पुरुषाच्या ताठरतेसाठी हाच वायू लागतो आणि व्हायग्राची गोळीही याच साखळीत पुढच्या एका कडीवर काम करते. म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते. पण बळातला फरक बघा. फ्लॅवनॉलयुक्त कोको रोज काही आठवडे दिलेल्या माणसांच्या चाचण्या एकत्र करून २०१७ साली निष्कर्ष काढला गेला, तेव्हा रक्तदाब सरासरी दोन अंकांहूनही कमी उतरलेला दिसला. आणि दुकानातल्या वडीत फ्लॅवनॉल फारसे राहिलेलेच नसतात. कडूपणा घालवताना ते जातात, आणि नेहमीच्या दुधाच्या चॉकलेटमध्ये निम्म्याहून अधिक तर साखरच असते.

४. सोसायटीतल्या वीस जणी

मग कधीतरी बातमी येते की चॉकलेट खाणाऱ्या स्त्रियांची कामेच्छा जास्त असते. ही बातमी अगदीच खोटी नसते. उत्तर इटलीतल्या १६३ स्त्रियांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. रोज चॉकलेट खाणाऱ्यांचे इच्छेचे गुण जास्त आले होते. पण संशोधकांनी वयाचा हिशेब घातला तेव्हा तो फरक नाहीसा झाला.

हे कसं घडतं? समजा, बोरिवलीच्या एका सोसायटीत वीस जणींना विचारलं. दहा जणी पंचविशीच्या, दहा जणी पन्नाशीच्या. पंचविशीतल्या आठ जणी रोज चॉकलेट खातात, पन्नाशीतल्या दोनच. समजा, पंचविशीतल्या प्रत्येकीला इच्छेचे १० पैकी ७ गुण आणि पन्नाशीतल्या प्रत्येकीला ५, मग ती चॉकलेट खावो वा न खावो. आता वय झाकून सरासरी काढा. चॉकलेट खाणाऱ्या दहा जणींत आठ तरुण, म्हणून सरासरी ६.६. न खाणाऱ्या दहांत दोनच तरुण, म्हणून ५.४. चॉकलेटनं काहीही केलेलं नाही, तरी कागदावर ते जिंकलं. आरोग्याच्या बातम्या वाचताना हा एक हिशेब हाताशी ठेवला तर कितीतरी घोटाळे टळतील.

५. चौतीस अंश

आता चॉकलेटची खरी बाजू. तिच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, एक तुकडा आणि दोन मिनिटं पुरतात.

वेगवेगळी स्निग्धं वेगवेगळ्या तापमानाला वितळतात. खोबरेल तेल २४-२५ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून डिसेंबरातल्या गार सकाळी मुंबईतसुद्धा बाटली कोमट पाण्यात धरावी लागते. कोकोच्या बियांतलं लोणी वितळतं ३४ अंशांच्या सुमारास, आणि आपलं तोंड असतं ३७ अंशांच्या जवळ. म्हणजे हातात कडक, दाताखाली ‘कट्’ करून तुटणारी गोष्ट जिभेवर गेल्यावर अर्ध्या-एक मिनिटात पूर्ण पातळ होते. वितळताना ती जिभेची थोडी उष्णता ओढून घेते, म्हणून किंचित गारवा जाणवतो. मग लोण्याचा थर जिभेवर आणि टाळ्यावर पसरतो, त्यात अडकलेले शेकडो सुगंधी रेणू सुटतात आणि घशामागून नाकात चढतात. गंधाची वाट मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळून जाते. शरीराच्या उबेनंच विरघळणारा, तोही इतक्या नेमक्या तापमानाला, असा दुसरा पदार्थ आपल्या रोजच्या खाण्यात क्वचितच असेल.

या लोण्याचे स्फटिक सहा तऱ्हांचे होतात आणि त्यांतली पाचवी तऱ्हाच हे सुख देते. ती साधावी म्हणून कारखान्यात चॉकलेट ठरावीक अंशांवर थंड-गरम करत घडवतात. आपल्या उपनगरांतला मे महिना या मेहनतीचा वैरी आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत दुपारचा पारा ३३-३४ ला टेकतो, पत्र्याच्या दुकानात त्याहून वर. वडी कागदातच मऊ पडते, दुकानदार ती फ्रिजमध्ये टाकतो, पुन्हा घट्ट होताना लोणी वर येऊन भलत्याच तऱ्हेच्या स्फटिकांत बसतं आणि वडीवर पांढुरके डाग दिसतात. ती बुरशी नव्हे, खायला हरकत नाही. पण तो ‘कट्’ आवाज आणि ते विरघळणं गेलेलं असतं.

म्हणूनच मुलुंड-बोरिवलीत घरी चॉकलेटं करून विकणाऱ्या बहुतेक बायका क्रॉफर्ड मार्केटातून कंपाउंडच्या लाद्या आणतात. कंपाउंडमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पतिजन्य स्निग्ध असतं. डबल बॉयलरवर वितळवा, साच्यात ओता, फ्रिजमध्ये ठेवा, चमकीच्या कागदात गुंडाळा. तापमानाची कटकट नाही, आणि उन्हातही तग धरतं. ती सोय खरी आहे. पण तोंडात ते मेणचट रेंगाळतं, कारण शरीराच्या उबेला ते तितकं दाद देत नाही. घेताना वेष्टनावर कोको बटर आहे की वनस्पती तेल, एवढं वाचून घ्या.

विरघळण्याचं महत्त्व एका सुंदर प्रयोगानं दाखवून दिलं. अमेरिकेतल्या मिचेनर आणि रोझिन यांनी १९९४ साली चॉकलेटची तीव्र तल्लफ येणाऱ्या माणसांना बंद खोके दिले: तल्लफ आली की उघडा आणि खा. एकात दुधाचं चॉकलेट. एकात पांढरं चॉकलेट. त्यात कोकोचं लोणी असतं पण कोकोची भुकटी, म्हणजेच थिओब्रोमीन वगैरे, जवळजवळ नसते. एकात कोकोची भुकटी भरलेल्या कॅप्सूल, म्हणजे रसायनं सगळी पण चव शून्य. एकात नुसत्याच खोट्या कॅप्सूल. तल्लफ भागवली दुधाच्या चॉकलेटनं. पांढऱ्यानं काही अंशी भागवली. कोकोच्या कॅप्सूलनी काहीच केलं नाही, आणि पांढऱ्या चॉकलेटबरोबर त्या गिळल्या तरीही भर पडली नाही. चॉकलेटचं सामर्थ्य तोंडात घडणाऱ्या गोष्टीत आहे, पोटात गेलेल्या रसायनांत नाही, याचा याहून साधा पुरावा मला माहीत नाही.

आणखी एक प्रयोग थेट आपल्या प्रश्नाला भिडतो. २०१४ साली येल विद्यापीठात लोकांना चॉकलेट चाखायला दिलं. कधी शेजारचा माणूस त्याच वेळी तेच चॉकलेट चाखत होता, कधी तो दुसरंच काही करत होता. दोघांत बोलणं अजिबात नाही. सोबत चाखलेलं चॉकलेट लोकांना जास्त आवडलं. चॉकलेट मुद्दाम फार कडू निवडलं तेव्हा सोबतीत ते जास्त नकोसं वाटलं. सोबत चव तीव्र करते, जी असेल ती. अनोळखी माणसाच्या नुसत्या असण्यानं हे होत असेल, तर जिच्यावर किंवा ज्याच्यावर जीव आहे त्या व्यक्तीबरोबर एका वडीचे दोन तुकडे करून खाताना काय होत असेल!

६. चरकाची यादी

आपल्याकडे या विषयाला वाजीकरण म्हणतात. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा दुसरा अध्याय सगळा त्यावर आहे. दूध, तूप, साखर, मध, उडीद, तांदूळ, अंडी, मांस असं बरंच काही त्यात येतं. पण मला थांबायला लावते ती तिथली व्याख्या. जे गोड आहे, स्निग्ध आहे, पोषण करतं, पचायला जड आहे आणि मनाला हर्ष देतं, ते सगळं चरकाच्या मते वृष्य, म्हणजे कामबल वाढवणारं. चरकाच्या काळी भारतात कोको नव्हता. तरी ही लक्षणं एकेक करून लावा: चॉकलेट सगळ्यांत बसतं. आपल्या घरातला डिंकाचा लाडूही बसतो.

चरक तिथंच थांबत नाही. मन प्रसन्न करणारी, प्रिय स्त्री हेच सर्वांत श्रेष्ठ वाजीकरण असं तो सांगतो. ग्रंथ पुरुषाच्या बाजूनं लिहिलेला आहे. आज ते विधान दोन्ही बाजूंनी वाचायला हवं. पुढे तो परिसराचीही यादी देतो: कमळांची तळी, फुलांचा गंध, आतली थंडगार खोली. औषधांच्या ग्रंथात त्यानं खोलीला जागा दिली, हे मला त्याच्या शहाणपणाचं मोठं लक्षण वाटतं.

कारण आपल्या उपनगरांत दुर्मीळ आहे ती तीच खोली. वन-रूम-किचनमध्ये आई-बाबा, धाकटा भाऊ आणि नवं जोडपं. सकाळी ७:५० ची फास्ट आणि रात्री नऊला परत. प्रेमात पडलेल्यांना भेटायला जागा म्हणजे स्टेशनवर इंडिकेटरखाली, नाहीतर सुट्टीला बोरिवलीचं नॅशनल पार्क. इथं कमळाचं तळं कुठून आणणार? चॉकलेट पर्समध्ये मावतं, दहा रुपयांपासून मिळतं, फलाटावर उघडता येतं, कुणी बघितलं तरी आक्षेप घेत नाही. दोन मिनिटं दोघंच असल्यासारखी काढता येतात. त्याची उपनगरातली कीर्ती मला तरी या सोयीतून आलेली दिसते.

७. जाहिरात आणि कायदा

मुंबईत चॉकलेट बराच काळ मुलांचा खाऊ होता. पार्ले कंपनी १९२९ साली विलेपार्ल्यात सुरू झाली ती गोळ्या-पेपरमिंटपासून. कॅडबरी भारतात आली १९४८ मध्ये. मुलुंड चेकनाका ओलांडून तीन हात नाका आणि नितीन कंपनी मागे टाकली की लागणारं कॅडबरी जंक्शन तिच्या ठाण्याच्या कारखान्यावरून ओळखलं जातं. १९९०च्या दशकात कॅडबरीच्या जाहिरातीत एक तरुणी आपल्या माणसाच्या फटक्यावर खूश होऊन क्रिकेटच्या मैदानात नाचत शिरली आणि चॉकलेट मोठ्यांचं झालं. २०१० नंतर ‘सिल्क’च्या जाहिरातींनी ते थेट प्रेमिकांच्या ओठांवर नेलं. हे सगळं युरोपात आधीच होऊन गेलं होतं: याच घराण्यातल्या रिचर्ड कॅडबरीनं १८६०च्या दशकात हृदयाच्या आकाराचे खोके काढले होते.

एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. अमुक औषधानं लैंगिक सुखाची क्षमता वाढते अशी जाहिरात करायला भारतात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरीही लोकलच्या खिडकीतून रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’वाल्यांची रंगवलेली अक्षरं दिसतात, ती वेगळीच कहाणी. चॉकलेट औषध नाही, आणि त्याची जाहिरात असा दावा उच्चारतही नाही. ती फक्त दोन तरुण चेहरे आणि एक विरघळणारा तुकडा दाखवते. बाकीचं आपण मनात जुळवतो.

८. इच्छा नसेल किंवा शरीर साथ देत नसेल तर

इथं चॉकलेटवर, मुसळीच्या पाकिटावर किंवा भिंतीवरच्या फोन नंबरावर वेळ घालवू नये, हे मी कळकळीनं सांगतो. पुरुषात ताठरता कमी होणं ही अनेकदा मधुमेहाची किंवा रक्तवाहिन्या आखडू लागल्याची पहिली खूण असते. हृदयाचा त्रास तिच्यामागून काही वर्षांनी उघड होऊ शकतो. स्त्रियांत इच्छा मावळण्यामागे थायरॉइड, रक्तक्षय, बाळंतपणानंतरचा थकवा, रजोनिवृत्ती, नैराश्य किंवा जवळिकीच्या वेळी होणारं दुखणं असू शकतं. रक्तदाबाच्या आणि मनोविकाराच्या काही गोळ्यांनीही इच्छा मंदावते. तशा गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात, डॉक्टर त्या बदलून देऊ शकतात. झोप अपुरी असेल तर तिचाही वाटा असतो, आणि पहाटेची लोकल गाठणाऱ्यांत तो मोठा असतो.

घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल, बोरिवलीला भगवती, अंधेरीकरांना कूपर ही पालिकेची रुग्णालयं आहेत. कुठल्याही चांगल्या फॅमिली डॉक्टरकडूनही सुरुवात होते. त्रास कधीपासून, रोजच का अधूनमधून, कोणत्या गोळ्या चालू, झोप किती, दारू-तंबाखू किती, हे एका कागदावर लिहून न्या. तोंडानं सांगायला जड जात असेल तर कागद तसाच पुढे करा. डॉक्टर बहुधा आधी रक्तदाब बघतील आणि उपाशीपोटीची साखर तपासायला सांगतील.